खेळण्याचा खेळ आणि पाहण्याचा खेळ

कोणत्याही खेळाची योग्यता दोन निरनिराळ्या तराजूंत तोलतां येते. खेळणारास त्यापासून किती आनंद होतो हें एक माप. बाजूला बसून पाहणारास किती होतो हें दुसरें. या दोन मापांचा मेळ बसतोच असें नाहीं. ब्रिज खेळणाराची तहानभूक हरपते. पण त्याच्या पाठीशीं उभा राहिलेला मनुष्य त्या विद्येंत कोरा असेल, तर पांच मिनिटांत जांभया देऊं लागतो. उलट कुस्तीचा आखाडा घ्या. लाल मातींत उतरलेल्या दोघां मल्लांपैकीं वर कोण आणि खालीं कोण हें समजण्यास पाहणारानें आयुष्यांत एक जोर काढलेला असण्याची गरज नाहीं. म्हणूनच कुस्तीस हजारों माणसें लोटतात आणि ब्रिजच्या मेजाभोंवतीं चार.

हा भेद केवळ कुतूहलाचा असता तर त्यावर लेखणी झिजविण्याचें कारण नव्हतें. परंतु जेथें खेळ हा पोटाचा धंदा होतो, तेथें प्रेक्षक हाच अन्नदाता ठरतो. आणि मग आपल्या आवडीचा खेळ खेळावा कीं प्रेक्षकांच्या आवडीचा, हा प्रश्न खेळाडूच्या चुलीपर्यंत जाऊन पोंचतो. अमेरिकेंतील पूल नांवाच्या खेळाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाची कहाणी होय. त्याच्या दोन शाखा, एट-बॉल व नाइन-बॉल, एकाच मेजावर वाढल्या. पहिली लोकांनीं उचलली, दुसरी धंदेवाईकांनीं. असें कां झालें, आणि पाहण्याच्या दृष्टीनें दोहोंपैकीं सरस कोणती, याचा विचार येथें करावयाचा आहे.

बिलियर्डचें मेज आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं एखाद्या जिमखान्यांत पाहिलें असेल. पूल हा त्याच कुळांतला. स्पर्धेचें मेज सुमारें नऊ फूट लांब व साडेचार फूट रुंद, त्यास सहा खिसे, आणि काठीनें मारावयाचा एक पांढरा चेंडू. ज्यानें कॅरम खेळला आहे त्यास एट-बॉल समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाहीं. कॅरममध्यें जशा एकाच्या पांढऱ्या सोंगट्या व दुसऱ्याच्या काळ्या, तसे येथें एकाचे एक ते सात आंकड्यांचे सबंध रंगाचे चेंडू आणि दुसऱ्याचे नऊ ते पंधरा आंकड्यांचे पट्ट्यांचे. मध्यें एक काळा आठवा. आपले सातही चेंडू घातल्यावर हा काळा जो घालील तो जिंकला. मात्र या काळ्याचा स्वभाव कॅरमच्या राणीच्या उलट आहे: राणी डावाच्या मध्यें घेतां येते, हा शेवटींच घ्यावयाचा, घाईनें आधीं खिशांत गेला तर सगळा डाव बुडाला.

नाइन-बॉलची तऱ्हा वेगळी. येथें माझे व तुझे असा भेदच नाहीं. नऊच चेंडू, आणि मेजावर त्या क्षणीं जो सर्वांत लहान आंकड्याचा असेल त्यासच पांढऱ्या चेंडूनें प्रथम स्पर्श करावयाचा, एवढा एक कडक नियम. तो पाळून नववा चेंडू जो खिशांत घालील तो जिंकला. पहिले आठ चेंडू एकट्यानें घातले आणि नववा हुकला, तर त्या आठांची किंमत शून्य; प्रतिस्पर्धी खुर्चीवरून उठतो, एक टोला मारतो आणि डाव घेऊन जातो. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्याच टोल्यास पहिला चेंडू लागून नववा कोठें तरी गडप झाला, तरीही डाव संपला. दैवाला असें उघडें दार ठेवणारे खेळ थोडेच.

आतां यांची वंशावळ पाहूं. पूल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सर्वांनीं मिळून जमविलेली पणाची रास, असा आहे. अमेरिकेंत घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या जागांस एकोणिसाव्या शतकांत पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तेथें बिलियर्डचीं मेजें मांडण्यांत आलीं, आणि जागेचें नांव खेळास चिकटलें. म्हणजे या खेळाचें बारसें जुगाराच्या मांडीवर झालें आहे, ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तथापि बिलियर्ड हा पैसे टाकून पाहण्याजोगा तमाशा आहे हें अमेरिकेस त्यापूर्वींच उमगलें होतें. १८५९ सालीं डेट्रॉइट येथें मायकेल फेलन व जॉन सीरायटर यांचा पंधरा हजार डॉलरांच्या पैजेचा सामना झाला, आणि तो पाहण्यास शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत धंदेवाईकांचा खरा खेळ या दोहोंपैकीं एकही नव्हता. तो मान स्ट्रेट पूल या तिसऱ्याच प्रकाराकडे होता. त्यांत वाटेल तो चेंडू, आधीं सांगून, सांगितलेल्या खिशांत घालावयाचा. प्रत्येकास एक गुण. चौदा चेंडू संपले कीं पंधरावा तसाच ठेवून ते चौदा पुन्हां मांडावयाचे, आणि हा अखंड क्रम चुकेपर्यंत चालवावयाचा. राल्फ ग्रीनलीफ आणि त्यामागून विली मॉस्कोनी यांनीं आपली कीर्ति याच खेळांत मिळविली. मॉस्कोनीनें १९५४ सालीं ओहायो संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें एका प्रदर्शनाच्या खेळांत सलग ५२६ चेंडू घातले. मेज आठ फुटांचें होतें हें खरें, तरी हा पराक्रम असामान्य होता यांत शंका नाहीं. पण प्रेक्षकाच्या खुर्चींत बसून पाहा. एक गृहस्थ शांतपणें मेजाभोंवतीं फिरत आहे, सोपे दिसणारे टोले एकामागून एक मारीत आहे, आणि दुसरा गृहस्थ तासभर हातांत काठी घेऊन बसला आहे. हे टोले सोपे दिसतात यांतच सगळें कौशल्य सांठविलेलें आहे, हें जाणणारास कळतें. इतरांस तो केवळ हिशेब वाटतो. एके काळीं वर्तमानपत्रें ज्याचे निकाल आवर्जून छापीत, तो खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरूं लागला तो फिरून सांवरला नाहीं.

या खेळाच्या छायेंत आपल्या दोन्ही शाखा वाढत होत्या. एट-बॉलचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभींचा. मेजें बनविणाऱ्या ब्रुन्सविक-बाल्क-कोलेंडर या कंपनीनें सात तांबडे, सात पिवळे आणि एक काळा अशा चेंडूंचा एक खेळ प्रचारांत आणला होता; आंकड्यांच्या चेंडूंवर तोच पुढें एट-बॉल झाला. नाइन-बॉल साधारणतः १९२० च्या सुमाराचा. दोघेही घरंदाज स्पर्धांच्या दाराबाहेरचे. परंतु एकास दारूच्या गुत्त्यानें हात दिला, आणि दुसऱ्यास जुगाऱ्यानें.

गुत्त्यानें दिलेला हात फार मौजेचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेंतील मद्यगृहांत नाणें टाकून खेळण्याचीं लहान मेजें आलीं. या मेजांत जो चेंडू खिशांत पडला तो आंतल्या कुलुपबंद पेटींत जाऊन बसतो, आणि नवें नाणें टाकल्यावांचून परत येत नाहीं. सहजच ज्या खेळांत चेंडू काढून पुन्हां मांडावे लागतात ते अशा मेजावर खेळतांच येईनात. स्ट्रेट पूल तेथें बाद झाला. नाइन-बॉलमध्येंही चुकीच्या टोल्यानें पडलेला नववा पुन्हां मेजावर ठेवावा लागतो. शिवाय पंधरा चेंडूंचें भाडें भरून नऊंनींच खेळणें कोणत्या व्यवहारी माणसास रुचेल? एट-बॉलमध्यें पंधराही चेंडू कामास येतात, पडलेला चेंडू पडलेलाच राहतो, आणि काळा पडला कीं डाव संपून नव्या नाण्याची वेळ येते. लोकांच्या आवडीची मीमांसा करणारे तत्त्वज्ञ अनेकदां मनाचा ठाव घेत बसतात. येथें मात्र यंत्रानेंच आवड घडविली. १९७९ सालीं टेरी बेल व लॅरी हबर्ट या दोन धंदेवाईक खेळाडूंनीं हौशी लोकांसाठीं संघांच्या साखळी-स्पर्धा काढल्या. त्यांतून उभ्या राहिलेल्या संस्थेचे सभासद पुढें लाखांनीं मोजण्याजोगे झाले, आणि त्यांचा मुख्य खेळ एट-बॉल हाच राहिला.

जुगाऱ्यास नाइन-बॉल कां प्रिय झाला हेंही तितकेंच उघड आहे. डाव कांहीं मिनिटांत संपतो. म्हणजे पैसा लवकर फिरतो. दुबळ्या गड्यास सवलत देणें सोपें असतें. ‘तूं नववा घातलास तरी जिंकलास आणि आठवा घातलास तरी जिंकलास’ असें म्हटलें कीं पारडें समतोल होतें. आणि दैवाचें दार उघडें असल्यामुळें हरणारास आपण केवळ दुर्दैवानें हरलों असें वाटतें व तो पुन्हां खेळावयास बसतो. असल्या भटक्या खेळाडूंस उजेडांत आणण्याचें काम इलिनॉय संस्थानांतील जॉन्स्टन सिटी या लहानशा गांवीं जान्स्को बंधूंनीं १९६१ पासून भरविलेल्या स्पर्धांनीं केलें. त्याच वर्षीं ‘द हसलर’ हा चित्रपट आला आणि ओस पडलेल्या पूलरूम पुन्हां गजबजल्या. त्या चित्रपटांतील नायक स्ट्रेट पूल खेळतो. पंचवीस वर्षांनीं, १९८६ सालीं, त्याच नायकाची पुढील कथा ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटांत आली, तेव्हां मात्र मेजावर नऊच चेंडू होते. मधल्या पाव शतकांत धंद्यानें आपली निष्ठा कोठून कोठें हलविली हें सांगण्यास याहून बोलकी साक्ष नको. १९७६ सालीं सुरू झालेली अमेरिकेची खुली स्पर्धा नाइन-बॉलची. १९९० सालीं जर्मनींत बर्गहाइम येथें झालेली पहिली जागतिक स्पर्धा नाइन-बॉलची. आणि १९९४ पासून अमेरिका व युरोप यांच्यामध्यें खेळला जाणारा, मॉस्कोनीच्या नांवाचा चषकही नाइन-बॉलचाच. ज्याचें आयुष्य स्ट्रेट पूलमध्यें गेलें त्याचें नांव नाइन-बॉलच्या चषकास, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! एट-बॉलची जागतिक स्पर्धा २००४ सालीं, म्हणजे चौदा वर्षें मागून, फुजैरा येथें प्रथम भरली. आणि २०१२ नंतर जवळजवळ दहा वर्षें ती भरलीच नाहीं.

येथवर कारणें झालीं. आतां गुणांकडे वळूं. एट-बॉलच्या कैवाऱ्यांचा मुख्य मुद्दा वजनदार आहे. ते म्हणतात, जो खेळ लाखों लोक स्वतः खेळतात तोच त्यांस पाहावासा वाटणार. मग धंदेवाईकांनीं परका खेळ कां खेळावा? शिवाय एट-बॉलमध्यें बुद्धीस वाव अधिक. आपले सात चेंडू कोणत्या क्रमानें घ्यावे, कोणता अडचणीचा चेंडू आधीं सोडवावा, शत्रूच्या वाटेंत आपला कोणता चेंडू तसाच उभा ठेवावा, हा सगळा व्यूह खेळाडूस स्वतः रचावा लागतो. नाइन-बॉलमध्यें क्रम आधींच ठरलेला. खेळाडू जणूं दुसऱ्यानें आंखून दिलेल्या रेषेवर चालतो.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण ज्या गुणामुळें एट-बॉल खेळण्यास श्रेष्ठ ठरतो, त्याच गुणामुळें तो पाहण्यास अवघड होतो, असें आमचें म्हणणें आहे. व्यूह रचला जातो तो खेळाडूच्या डोक्यांत. प्रेक्षकास दिसतो तो केवळ टोला. आणि व्यूह जितका उत्तम तितके टोले सोपे. उत्कृष्ट खेळाडूच्या हातून सात चेंडू असे सहज जातात कीं अडचण कोठें होती हेंच समजत नाहीं. स्ट्रेट पूलला जो रोग जडला होता तोच हा. उलट नाइन-बॉलमध्यें सभागृहांतील शेवटच्या रांगेंतल्या मुलासही ठाऊक असतें कीं आतां तिसराच चेंडू मारला पाहिजे, आणि तो पाहतो कीं तिसऱ्याच्या वाटेंत सहावा आडवा आहे. पळवाट नाहीं. मग खेळाडू मेजाच्या कडेवर आपटून चेंडू वळवील, कीं शत्रूस कोंडींत टाकून स्वतः सुटेल? संकट सर्वांस दिसतें, म्हणून सुटकाही सर्वांस कळते. कीर्तनांत पूर्वरंग समजला नाहीं तरी आख्यान समजतें, तसें हें आहे. नियमांनीं क्रम बांधून खेळाडूचें स्वातंत्र्य हिरावलें, पण तेंच प्रेक्षकाच्या हातीं ज्ञान म्हणून दिलें.

तथापि नाइन-बॉलसही एक व्याधि आहे, आणि ती त्याच्या यशांतूनच जन्मली. चेंडू फोडणारा सलामीचा टोला, ज्यास ब्रेक म्हणतात, तो उत्तम बसला तर नऊ चेंडू निपुण खेळाडूस फार नव्हेत. १९९६ सालीं टेक्ससमधील डॅलस येथें एका स्पर्धेंत सलग दहा डाव प्रतिस्पर्ध्यास संधि न देतां जिंकणारास दहा लक्ष डॉलर देऊं केले होते. हें कोणाच्यानें होणार नाहीं, या भरंवशावर विमा उतरला होता. आणि अर्ल स्ट्रिकलंड यानें तें स्पर्धेच्या पहिल्याच दिवशीं करून दाखविलें! पराक्रमास आमचा नमस्कार. पण खुर्चीवर बसून राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याचा विचार करा. त्यानें काय चूक केली? ज्या लढाईंत एका योद्ध्यास शस्त्र उचलावयास मिळत नाहीं ती लढाई पाहणारास किती वेळ रमवील? त्याच वर्षीं हाँगकाँग येथें हाच स्ट्रिकलंड व फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयस यांचा १२० डावांच्या शर्यतीचा, एक लक्ष डॉलरांच्या बक्षिसाचा सामना झाला. तो रेयसनें १२० विरुद्ध ११७ असा जिंकला. तीन दिवसांअंतीं तीन डावांचें अंतर! पहिल्या प्रसंगाचें लोक नवल करितात, दुसऱ्याची आठवण काढतात. प्रेक्षकास हवा असतो तो संशय. कौशल्य हें त्या संशयाचें साधन होय.

म्हणूनच पुढील तीस वर्षांत नाइन-बॉलचे चालक ब्रेकचा वारू आवरण्यासाठीं धडपडतांना दिसतात. प्रत्येक टोल्यास तीस सेकंदांची मर्यादा; मांडणीच किंचित पुढें सरकवून पहिल्याऐवजीं नववा चेंडू ठिपक्यावर ठेवण्याची युक्ति; खिसे अधिक अरुंद; आणि दहा चेंडूंचा, टोला आधीं सांगून मारावयाचा टेन-बॉल, ज्याची जागतिक स्पर्धा २००८ सालीं सुरू झाली. या दुरुस्त्यांनीं खेळ टिकला इतकेंच नव्हे, तर वाढला. २०२४ सालीं सौदी अरेबियांत जेद्दा येथें झालेल्या जागतिक नाइन-बॉल स्पर्धेचीं एकूण बक्षिसें दहा लक्ष डॉलरांचीं होतीं.

एट-बॉलनें रंगमंच जिंकण्याचा एक प्रचंड प्रयत्न मध्यंतरीं केला. २००५ सालीं केव्हिन ट्रूडो या, दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनीं धनाढ्य झालेल्या अमेरिकन गृहस्थानें इंटरनॅशनल पूल टूर काढली. खेळ एट-बॉल, कापड मुद्दाम जाड व मंद, म्हणजे चेंडू आपोआप घरंगळूं नयेत. आणि बक्षिसें तोंपर्यंत कोणीं स्वप्नांतही न पाहिलेलीं. २००६ सालीं रीनो येथील स्पर्धेंत रेयसनें पांच लक्ष डॉलरांचें पहिलें बक्षीस जिंकलें. पण जिंकणें निराळें आणि हातीं पडणें निराळें. रकमा वेळेवर देतां आल्या नाहींत, खेळाडूंस हप्त्यांची वाट पाहावी लागली, आणि तो डोलारा कोसळला. मोठ्या आशेनें घरदार सोडून या स्पर्धांस आलेल्या कित्येकांच्या दृष्टीनें ही केवळ खेळाच्या इतिहासांतील नोंद नव्हती. यांत एट-बॉलचा दोष किती व व्यवहाराचा किती, हें वाटून सांगणें कठीण. परंतु प्रेक्षकांच्या पैशावर न उभारतां एका माणसाच्या थैलीवर उभारलेला खेळ थैलीबरोबरच बुडतो, एवढा बोध त्यांतून निघतो.

इतकें झाल्यावर एट-बॉलच्या कपाळीं गुत्ताच लिहिलेला आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें चीनकडे पाहावें. तेथें नऊ फुटी मेजास स्नूकरसारखे गोलसर कडांचे अरुंद खिसे बसवून त्यावर एट-बॉल खेळतात. चिनी एट-बॉल, किंवा आतां हेबॉल, म्हणून तो प्रसिद्ध आहे. २०१५ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा झाल्या, आणि त्याचीं बक्षिसें नाइन-बॉलशीं स्पर्धा करूं लागलीं. नियम जुनेच, बदलला तो खिसा. खिसा अरुंद झाल्याबरोबर सोपा टोला सोपा राहिला नाहीं. प्रत्येक चेंडूबरोबर संशय परत आला, आणि लपलेला व्यूह चुकांच्या रूपानें प्रेक्षकांस दिसूं लागला.

या सर्व वादावर एक उत्तर भारताच्या भूमींत फार पूर्वीं दिलें गेलें होतें, हें पाहून नवल वाटतें. १८७५ सालीं जबलपूरच्या लष्करी भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें ज्याचा पाया घातला त्या स्नूकरमध्यें दोन्ही तत्त्वें नांदतात: तांबडे चेंडू वाटेल त्या क्रमानें घ्यावे, आणि ते संपल्यावर उरलेले सहा रंग ठरलेल्या चढत्या क्रमानें. पूर्वार्ध एट-बॉलसारखा, उत्तरार्ध नाइन-बॉलसारखा. विलायतेंत १९६९ सालीं रंगीत दूरचित्रवाणीवर ‘पॉट ब्लॅक’ ही स्नूकरची मालिका सुरू झाली आणि तो खेळ घरोघरीं गेला. पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्सनें १९५८ सालीं कलकत्त्यास बिलियर्डचें हौशी जगज्जेतेपद मिळवून हिंदुस्थानास मोठा मान दिला. परंतु ज्या शुद्ध बिलियर्डमध्यें त्यानें तो मिळविला, त्यासही प्रेक्षक सोडून गेले, ते याच स्नूकरकडे. कारण तेंच: निपुणांच्या हातीं त्यांतील संशय संपला होता.

तेव्हां आमचा निकाल असा. खेळण्यास एट-बॉल सरस. मित्रमंडळींत वेळ घालवावयाचा, डोकें चालवावयाचें, तर त्याची सर दुसऱ्यास नाहीं. पाहण्यास नाइन-बॉल सरस, कारण त्याची अडचण उघड्यावर असते. पण हा सरसपणा आंकड्यांत नाहीं. तो खुर्चींत बसलेल्या दुसऱ्या खेळाडूस उठण्याची आशा किती उरते, यांत आहे. ती आशा ज्या खेळांत जिवंत असेल, मग चेंडू आठ असोत वा नऊ, तेथें प्रेक्षक जागचा हलणार नाहीं. आणि ती जेथें मेली, तेथें जगांतील सर्वांत थोर खेळाडूही रिकाम्या बांकांपुढेंच खेळेल.